यातलं खरं चित्र कुठलं?

दोरीवर वाळत घातलेले माझे लिनोकटचे ठसे बघून शेजारच्या काकूंनी आज हेच विचारलं.

सगळे लिनोलियमच्या एकाच कोरलेल्या लादीवर शाई लावून काढलेले. पण एकात शाई दाट बसलीय, दुसऱ्यात वडाच्या पारंब्या जरा फिकट. चमच्याच्या पाठीने कागद घासताना हाताचा दाब किंचित बदलला तरी ठसा बदलतो. मला तर प्रत्येक ठसा खरा वाटतो. काकूंना काही ते पटलं नाही.

राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. दगडावरून, एकेक रंग वेगळा छापून निघालेली ती लक्ष्मी, ती सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर पोचली. त्या कागदापुढे हात जोडताना कुणाला मूळ चित्राची आठवण झाली असेल का?