आमची वाटचाल: हे डोमेन नेमकं कुणाच्या नावावर?

डोमेन (वेबसाइटचं नाव) किंवा आयपी पत्ता (इंटरनेटवरच्या यंत्राचा आकडी पत्ता) कुणाचा आहे ते शोधून देणं, हा आमच्या छोट्या फर्मचा व्यवसाय. आम्ही सुरुवात केली तेव्हा बरंचसं काम हूइजवर, म्हणजे डोमेन कुणाच्या नावावर ते सांगणाऱ्या खुल्या नोंदवहीवर, भागायचं. 1982 पासून चालत आलेल्या या नोंदवहीत मालकाचं नाव, पत्ता, ईमेल, फोन सगळं उघड दिसायचं. नोंदी खोट्याही असायच्या, त्यामुळे पडताळणीत वेळ जायचा. पण धागा हाती लागायचा.

मे 2018 मध्ये युरोपात जीडीपीआर हा व्यक्तिगत माहिती जपणारा कायदा लागू झाला. डोमेनांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेनेही त्याच वेळी तात्पुरते नियम आणले आणि बहुतेक व्यक्तिगत तपशील झाकले गेले. ग्राहक वैतागले. मला मात्र तो बदल आजही योग्य वाटतो. स्वतःच्या नावाने डोमेन घेणाऱ्या साध्या माणसाचा फोन नंबर साऱ्या जगाला दिसण्याचं काहीच कारण नव्हतं.

तेव्हापासून जे उघडं राहिलं ते नीट वाचणं, हेच आमचं खरं कसब झालं. नोंदणीची आणि मुदत संपण्याची तारीख, रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) कोण, नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या पत्त्यावर आहे ते सांगणारे सर्व्हर) कुठले, डोमेन हस्तांतरासाठी कुलूपबंद आहे का, एवढं आजही दिसतं. जुन्या कंपनीची बतावणी करणाऱ्या साइटचं डोमेन गेल्याच आठवड्यात नोंदलेलं निघालं, तर मालकाचं नाव न कळताही बरंच काही कळतं. मालकाशी बोलायचंच असेल तर रजिस्ट्रारच्या फॉर्ममधून किंवा खऱ्या पत्त्याऐवजी दाखवलेल्या बदली ईमेलवरून निरोप पोचवता येतो; उत्तर द्यायचं की नाही, ते मालक ठरवतो. 28 जानेवारी 2025 पासून डॉट कॉमसारख्या डोमेनांसाठी हूइज चालवण्याचं बंधनही उरलं नाही. त्याची जागा आरडॅप या नव्या शोधपद्धतीने घेतली. देशांच्या डोमेनांचे नियम मात्र ज्याचे त्याचे.

आयपी पत्त्याबद्दलचा गैरसमज अजून जात नाही. जगात पाच प्रादेशिक नोंदणी संस्था आहेत. त्यांच्याकडे विचारलं की पत्त्यांचा तो गट कुणाला दिलाय ते कळतं, आणि ती बहुधा होस्टिंग किंवा इंटरनेट सेवा देणारी कंपनी असते. एकाच पत्त्यावर असंख्य साइट चालतात. म्हणून आयपीवरून साइटचा मालक सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता आमच्याकडे सर्वांत जास्त येतात ते स्वतःचंच डोमेन शोधणारे. साइट त्यांची, नाव त्यांचं, पैसेही त्यांनीच भरलेले; पण नोंद जुन्या डेव्हलपरच्या किंवा सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावावर. रजिस्ट्रार नोंदीतल्या नावालाच मालक धरतो. मग आम्ही जुनी बिलं, नूतनीकरणाचे ईमेल, करार गोळा करतो आणि आधी त्या माणसाशी शांतपणे बोलतो. बहुतेक वेळा तिथेच मार्ग निघतो. मुदत उलटून गेली असेल तर घाई करावी लागते: डॉट कॉम डोमेन रजिस्ट्रीतून (सगळ्या डॉट कॉम नावांच्या मूळ यादीतून) हटवायला घेतल्यावर सोडवून घ्यायला 30 दिवस मिळतात, त्यानंतरच्या 5 दिवसांत काहीच करता येत नाही, आणि मग ते कुणालाही घेता येतं.

कुणाला एखाद्या डोमेनचा मालक शोधायचा असेल तर आम्ही आधी कारण विचारतो. ट्रेडमार्कचा वाद, फसवणुकीची तक्रार, डोमेन विकत घेण्याची इच्छा, ही कारणं आम्हाला पुरतात. एखाद्या व्यक्तीला गाठून त्रास द्यायचा हेतू जाणवला, तर ते काम आम्ही घेत नाही.