तुकडेजोड, नोंद ४: पहिला तुकडा कुठला?

मागच्या नोंदीत मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की नावं बघून गठ्ठे लावायचं काम दोन संध्याकाळींत उरकेल. तीन आठवडे झाले.

नव्याने येणाऱ्यांसाठी: माळ्यावरच्या जुन्या सीडींवर तुकडे पाडून ठेवलेल्या कॉम्प्रेस्ड फाइली आहेत. सोर्स कोड, फाँट, काय वाट्टेल ते. काही तर १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावावेत म्हणून कापलेले. कुठले तुकडे एका घरचे आणि कुठला हरवलाय, एवढंच सांगणारी पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहितोय. (एक्स्टेन्शनं इथे देवनागरीत लिहितोय, डिस्कवर ती रोमन आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच्याशीच गाठ आहे.)

पहिला दणका रारने (फाइली दाबून, कापून ठेवायचा एक फॉरमॅट) दिला. जुन्या पद्धतीत पहिला तुकडा .रार, दुसरा .आर००, तिसरा .आर०१. .आर९९ संपलं की .एस००. डॉसच्या जमान्यात एक्स्टेन्शनला तीनच अक्षरं मिळायची, त्यात कोंबलेली ही मोजणी. मी भाबडेपणाने नावानुसार सॉर्ट केलं. आस्कीत, म्हणजे संगणकाच्या अक्षरक्रमाच्या तक्त्यात, आकडे अक्षरांच्या आधी येतात, त्यामुळे .आर०० वर आणि .रार तळाला. पहिलाच तुकडा शेवटी!

गंमत म्हणजे झिपमध्ये हेच सॉर्टिंग बरोबर येतं. तिथे .झेड०१, .झेड०२ असे तुकडे आणि शेवटचा .झिप. झिपची सूची फाइलच्या शेवटी असते, म्हणून मुख्य नाव शेवटच्या तुकड्याला. शंभराव्या तुकड्यापर्यंत तरी सुख आहे. .झेड९९ नंतर .झेड१०० येतो आणि सॉर्टमध्ये .झेड१० च्या शेजारी जाऊन बसतो.

रार ३ पासून रूढ झालेली .पार्ट१.रार ही पद्धत मला सगळ्यांत आवडते. क्रमांक उघड आणि प्रत्येक तुकडा .रारच. रार ५ फॉरमॅटमध्ये तर हीच एक पद्धत ठेवली आहे. फक्त शून्य न लावता पार्ट१, पार्ट१०, पार्ट२ असं रांगेत उभं केलंत तर दोष तुमचा.

सेव्हन-झिपचं .००१, .००२ दिसायला सगळ्यांत कोरडं, पण जोडायला सोपं. ते निव्वळ बाइट मोजून कापलेले असतात, फाइली जोडणाऱ्या कॅट कमांडने एकामागे एक लावले की काम झालं. रारला हे चालत नाही, कारण प्रत्येक तुकड्याला स्वतःचा हेडर, म्हणजे स्वतःची माहिती सांगणारा भाग, असतो. .झेड०१ वाल्यांनाही नुसतं चिकटवून भागत नाही, तिथे झिपला एस-शून्य पर्याय देऊन नवी अखंड फाइल करून घ्यावी लागते.

म्हणून आता नावावरून फक्त अंदाज घेतो आणि खात्री आतून करतो. रार ५ च्या हेडरमध्ये तुकड्याचा क्रमांक असतो. पहिल्यात तो नसतोच, दुसऱ्यात १. एकूण किती ते कुठेच नाही, पण तुकड्याच्या शेवटी ‘पुढे अजून आहे’ असा फ्लॅग (खूण) सापडतो. झिपच्या शेवटच्या तुकड्यात त्याचा स्वतःचा क्रमांक असतो, म्हणजे एकूण संख्या आपोआप कळते. सेव्हन-झेडमध्ये (सेव्हन-झिपच्या फॉरमॅटमध्ये) पहिल्या ३२ बाइटांत शेवटच्या हेडरची जागा आणि आकार दिलेला असतो. दोन्हींची बेरीज करून त्यात ३२ मिळवा, अख्ख्या फाइलचा आकार हातात. एकट्या .००१ वरून ‘शेपूट गायब’ असं सांगता येतं, हे जमलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

आता तो बग. चाचणीसाठी एक गठ्ठा हाताने बनवला, तेव्हा कीबोर्ड मराठीवर राहिला होता. नाव पडलं ‘हिशेब.००१’, खरोखर देवनागरी आकड्यांत. स्क्रिप्टने निमूटपणे ओळखलं, पण दुसरा तुकडा शेजारी असूनही हरवला म्हणून सांगितलं. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं: पायथन ३ च्या रेगेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायची भाषा) बॅकस्लॅश-डीला, म्हणजे ‘कुठलाही आकडा’ या खुणेला, देवनागरी आकडेही चालतात, इंट हे फंक्शनही त्यांचा सरळ पूर्णांक करून देतो. पण पुढच्या तुकड्याचं नाव मी फॉरमॅट करून बनवत होतो, ते इंग्रजी आकड्यांत. तशी फाइल तिथे कुठून असणार? रेगेक्सला फक्त इंग्रजी आकडे मानणारा आस्की फ्लॅग लावून विषय मिटवता आला असता, पण मराठी आकडे वाऱ्यावर सोडवेनात. आता नाव बनवतच नाही, फोल्डरमध्ये आहेत त्याच नावांतले क्रमांक वाचून ताडून बघतो.

सध्या ४१ पैकी ३८ गठ्ठे बरोबर लागतात. उरलेल्या तिनांतला एक जुन्या मॅकच्या डिस्कवरून आलाय, नाव ‘दऱ्याखोऱ्या’. एचएफएस प्लस ही मॅकची जुनी फाइल सिस्टम नाव साठवताना त्यातला ऱ फोडून र आणि नुक्ता (खालचं टिंब) असे दोन करते. त्यामुळे अर्धे तुकडे एका ‘दऱ्या’चे, अर्धे दुसऱ्याचे, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच. पुढची नोंद त्यावर.