“चालतात की चांगले!”: बाबांच्या दिव्यांग प्रमाणपत्राचा अनुभव

काम संपून दोन महिने झाले, तरी हे वाक्य आठवलं की माझं डोकं तापतं.

बाबा ७४ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, होऊन नऊ वर्षं झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार येतो, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. आम्हालाही एका काकूंनी सांगितलं. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवरचा प्रमाणपत्राचा अर्ज एका संध्याकाळी भरून झाला, तपासणीची तारीखही मिळाली.

अडलं ते सरकारी रुग्णालयातल्या तपासणीच्या खोलीत.

पहिल्या खेपेला नंबर साडेअकराला लागला. बाबांनी लेव्होडोपाची, म्हणजे कंपवातावरची, गोळी साडेदहाला घेतली होती, म्हणजे ती ऐन भरात होती. बाबा उठले, चालत आत गेले, खुर्चीवर बसले, नाव-गाव सांगितलं. “चालतात की चांगले! हातही फारसा थरथरत नाही,” समोरचे डॉक्टर म्हणाले. दोन वाजता यांना बघा, असं मी सांगायला लागले, पण मागे रांग होती. तीन मिनिटांत आम्ही बाहेर. शेरा काय, तर न्यूरॉलॉजिस्टचा नवा अहवाल घेऊन पुन्हा या. दीड तासाचा प्रवास करून आलेल्या माणसाला!

जो आजार दिवसातून चार वेळा रूप पालटतो, तो तीन मिनिटांत कसा दिसेल? आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी हे मला फार छान समजावलं होतं. मेंदू हुकूम सोडतो आणि स्नायू हलतात, एवढंच मला ठाऊक होतं. पण मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके असतात आणि त्यांचं मोठं काम हालचाल रोखून धरण्याचं. आपण नुसते बसलेलो असतानाही तिथून थॅलॅमस या मेंदूतल्याच दुसऱ्या भागाला ‘थांब, थांब’ असा निरोप अखंड जात असतो. पाऊल उचलायचं ठरलं की तेवढ्या हालचालीपुरता हा ब्रेक सैल होतो, नको असलेल्या बाकीच्या हालचाली दाबलेल्याच राहतात. ब्रेक सैल व्हायला डोपामिन नावाचं रसायन लागतं. ते बनवणाऱ्या मध्यमेंदूतल्या पेशी या आजारात मरत जातात. मग अंगात ताकद असते, मनात इच्छा असते, पण पाय उचलत नाही. गोळीपासून मेंदूत डोपामिन तयार होतं, काही तास ब्रेक सुटतो, नंतर पुन्हा आवळतो. त्यालाच ऑन आणि ऑफ म्हणतात. डोस जास्त झाला तर उलटा प्रकार, अंग आपोआप वळवळत राहतं. मागच्या वर्षी बाबांना तेही झालं होतं.

दुसऱ्या खेपेला रांगेतल्या एकाने सुचवलं, आज गोळी देऊच नका. आम्ही ऐकलं नाही, तुम्हीही ऐकू नका. ही गोळी एकाएकी बंद केली तर जिवावर बेतू शकतं. पण त्या दिवशी नंबर यायला पावणेदोन झाले, गोळीचा असर उतरला आणि नेमके दारातच बाबांचे पाय जमिनीला चिकटले. दार, अरुंद जागा, वळण, इथेच हे जास्त होतं. “आजोबा, चला लवकर, दार अडवू नका!” शिपाई ओरडला. घाई केली की पाय आणखी घट्ट होतात. मी माझं पाऊल बाबांच्या पुढ्यात आडवं ठेवलं आणि ताल धरला, “एक, दोन, तीन, चार.” बाबांनी तीस वर्षं शाळेत लेझीम बसवली आहे. दुसऱ्यांदा ‘चार’ म्हटल्यावर त्यांनी पाय उचलला आणि माझ्या पावलावरून पलीकडे टाकला. बाहेरून ताल किंवा ओलांडायला रेघ मिळाली की मेंदू दुसऱ्या वाटेने चाल सुरू करू शकतो.

आतल्या डॉक्टर बाई, या वेगळ्या होत्या, खुर्चीतून उठून दाराशी आल्या, सगळं शांतपणे पाहिलं. मग बाबांच्या गोळ्यांच्या आणि चालण्याच्या वेळा लिहिलेली आमची वही वाचली. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. प्रमाणपत्रावर टक्केवारी ४० च्या वर आली, आणि बहुतेक सवलतींसाठी तेवढी लागतेच.

ही वही आधीच न्यायला हवी होती. आठवडाभर गोळीची वेळ, चालता येतं ती वेळ, अडकतात ती वेळ लिहा. ऑन आणि ऑफ दोन्हींचे व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा. न्यूरॉलॉजिस्टच्या अहवालात दोन्ही अवस्था स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर माझ्यासारखी दुसरी खेप पडेल. रांगेत डबा उघडाल तर गोळी आणि जेवण एकत्र नको, डाळ-दूध-अंड्यातली प्रथिनं तिच्या शोषणात आडवी येतात.

आणि हो, अर्जाला सही लागते. बाबांची सही आता मुंगीएवढी येते, अक्षर बारीक होत जाणं हाही याच आजाराचा भाग. अंगठाही चालतो, हे मला माहीत नव्हतं. “बाबा, जरा मोठी करा ना,” म्हणत मी त्यांच्याकडून सहा कागदांवर सह्या करून घेतल्या. फळ्यावर त्यांचं अक्षर बघायला दुसऱ्या वर्गातली मुलं यायची.