तुम्ही विचारलंत म्हणून : तिथं बोलावंच लागतं का?

दारू सोडून मला ११ वर्षं झाली, ती अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, या संघटनेच्या मीटिंगांना जाऊन; तिथं दारू सोडू पाहणारी माणसं एकत्र बसून एकमेकांना आपले अनुभव सांगतात. हे कुणाला कळलं की काही दिवसांनी, बहुतेक रात्री उशिरा, फोन येतो. आधी इकडचं तिकडचं, मग "ओळखीतल्या एकांसाठी विचारतेय", आणि मग खरा प्रश्न : "त्या मीटिंगला गेल्यावर सगळ्यांसमोर बोलावंच लागतं का?"

नाही लागत. पहिले तीन आठवडे मी एक शब्द बोलले नव्हते. पाळी आपल्यापर्यंत आली की "आज मी फक्त ऐकणार आहे" एवढं म्हणायचं, पुढचा माणूस बोलायला लागतो. कुणी वळून बघत नाही, कुणी का म्हणून विचारत नाही. नाव सांगायचं झालं तर फक्त पहिलं. हजेरीपट नसतो, फी नसते. शेवटी वर्गणीचा डबा फिरतो, त्यात काही टाकलं नाही तरी चालतं.

पण माझ्या उत्तराचा खरा भाग यापुढे आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात बिल विल्सन नावाचा माणूस धंद्याच्या कामासाठी आला होता. दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले. काम फसलं आणि हॉटेलच्या बारमधले आवाज त्याला ओढायला लागले. तेव्हा त्यानं फोन फिरवायला सुरुवात केली. त्याला सल्ला नको होता, आपल्यासारखाच एखादा दारुडा हवा होता, बोलायला. असा त्याला डॉ. बॉब स्मिथ हा सर्जन भेटला, आणि त्या भेटीतून एए उभी राहिली. त्या दिवशी गरज ऐकणाऱ्याला नव्हे, बोलणाऱ्याला होती. म्हणून सांगते, तुम्ही मागच्या खुर्चीत गप्प बसलात तरी समोर बोलणाऱ्याचा त्या दिवसाचा आधार तुम्ही असता. गेली कित्येक वर्षं मी नव्या चेहऱ्याकडे बघूनच बोलते.

मीटिंग शोधणं त्या मानानं सोपं आहे. एएच्या वेबसाइटवर गावागणिक यादी असते, हेल्पलाइन असते, आणि ती बऱ्याचदा स्वतः यातून गेलेला माणूसच उचलतो. यादीत 'खुली' आणि 'बंद' असे शब्द दिसतील. खुल्या मीटिंगला कुणीही येऊ शकतं, नवरा, बहीण, मित्र. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू थांबवायची आहे त्यांच्यासाठी. घरच्यांसाठी अल्-अॅनॉन ही वेगळी संघटना १९५१पासून आहे, आणि पिणारा माणूस कुठेच जायला तयार नसला तरी घरच्यांनी तिथं जावं असं मला फार वाटतं. ऑनलाइन मीटिंगही भरतात, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येतं.

एका मीटिंगवरून मात्र ठरवू नका. माझ्या पहिल्या ग्रुपमध्ये मी एकटीच बाई होते आणि एक गृहस्थ मलाच उद्देशून बोलत राहिले. मी जाणं सोडणार होते. मग फक्त बायकांची मीटिंग सापडली आणि तिथं मी टिकले. पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी बसून बघा. देवाचा उल्लेख खटकत असेल तर 'आपल्याला उमगेल तसा' एवढंच तिथं अपेक्षित आहे, आणि तरीही जमलं नाही तर स्मार्ट रिकव्हरीसारखे देवाचा विषय न काढणारे गटही आहेत. "याचा खरंच उपयोग होतो का?" असंही विचारतात. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. माणसाला एएशी नीट जोडून देणाऱ्या उपचारांनंतर दारूपासून पूर्ण लांब राहणाऱ्यांचं प्रमाण इतर प्रचलित उपचारांपेक्षा जास्त दिसलं.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. रोज भरपूर पिणाऱ्यानं मनाच्या हिय्यावर एका झटक्यात दारू बंद करू नये. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे.

आणि त्या दिवशी प्यायलेले असाल तर? तरी या. शांत बसा. अट एकच, दारू थांबवायची इच्छा. घसरलेल्याला परत येताना जी लाज वाटते ती मी जवळून पाहिली आहे, आणि त्याच्यासाठी सरकून जागा करणारे हातही. निघण्याआधी कुणाचा तरी फोन नंबर घ्या. तो पहिल्या घोटाच्या आधी फिरवायचा असतो, नंतर नाही.

मी स्वतः त्या दारातून दोनदा परत फिरले होते. तिसऱ्यांदा बाहेर घुटमळत असताना एक बाई पॅसेजमधला लांब बाक न्यायला आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दुसरं टोक धरता का जरा?" माझे हात थरथरत होते, बाक धरल्यावर ते दिसेनासे झाले. आम्ही तो आत नेला, भिंतीला लावला, आणि त्याच बाकावर मी बसले.