आधी पंगत, मग बाकीचे

बायबलमधली जक्कयाची गोष्ट मराठी ख्रिस्ती घरांतल्या मुलांना रविवारच्या शाळेतच पाठ होते. यरीहोचा हा मुख्य जकातदार ठेंगणा होता आणि गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढला, एवढे सर्वांना आठवते. मात्र पुढे घडले ते कोणत्या क्रमाने घडले, इकडे आपले फारसे लक्ष जात नाही. रोमी सत्तेसाठी कर वसूल करताना आपल्याच लोकांना नाडणाऱ्या त्या माणसाला येशू झाडाखाली उभा राहून सांगतो, की आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. लोक कुरकुरतात ते तेव्हाच, कारण तोवर जक्कयाने कसलीही कबुली दिलेली नसते. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन तो देतो ते पाहुण्याचे स्वागत केल्यानंतर.

आपल्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चनी, हा क्रम उलटा केला आहे, असे माझे ठाम मत आहे. आपण आधी माणसाच्या सुधारणेचा पुरावा मागतो आणि मग त्याला बाकावर जागा देतो.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी याहून अधिक विचार करायला लावतो. लेवीय पुस्तकाच्या 13व्या अध्यायाप्रमाणे अशा माणसाने फाटकी वस्त्रे घालून, ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत छावणीबाहेर एकटे राहायचे असे. रोमी सैन्यातल्या शताधिपतीच्या चाकराला येशूने दुरूनच बरे केले. इथेही नुसता शब्द पुरला असता. तरीही तो आधी हात पुढे करून त्या माणसाला स्पर्श करतो आणि मग ‘शुद्ध हो’ म्हणतो, म्हणजे तो हात लागला तेव्हा शरीरावर रोग होताच. अध्यायाच्या शेवटी बरा झालेला माणूस ही वार्ता सर्वत्र सांगत फिरतो आणि येशूलाच गावात उघडपणे जाता येईनासे होऊन बाहेर ओसाड जागी राहावे लागते. बहिष्कृताची जागा प्रभूने स्वतः घेतली, याहून वेगळा अर्थ मला त्यात दिसत नाही.

मुंबईत कुष्ठरोग्यांना गावाबाहेर ठेवण्याचा इतिहास फार जुना नाही. आज वडाळ्यात असलेले महापालिकेचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय 1890 साली निराधार कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान म्हणून सुरू झाले, तेव्हा तो भाग शहराच्या वेशीबाहेरच होता. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या 1869च्या घटस्फोट कायद्यात तर कुष्ठरोग हे काडीमोडाचे एक कारण 2019 सालापर्यंत लिहिलेले होते. औषधाने हा रोग पूर्ण बरा होऊ लागल्याला तोवर कित्येक वर्षे लोटली होती, आणि तरीही तो शब्द काढून टाकावा म्हणून आपल्या वेद्यांवरून जोरदार मागणी झाल्याचे माझ्या कानी आले नाही, याचे मला फार दुःख होते.

खरे तर दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाइतके कोणाला ठाऊक असावे? आपल्यापैकी पुष्कळांच्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. उलट टोकाला, नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या ब्राह्मण कवीशी आप्तांनी संबंध तोडले. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी याच शहरात शारदा सदन उघडले ते समाजाने ओवाळून टाकलेल्या विधवांसाठी, आणि पुढे केडगावला ज्यांना लोक ‘पतित’ म्हणत त्या स्त्रियांसाठीही त्यांनी कृपासदन उभारले. असा वारसा सांगणाऱ्या मंडळीत, कामाठीपुऱ्यातून आलेली एक बाई उपासनेला बसताच तिच्या बाकावरची माणसे हळूहळू दुसरीकडे सरकली, हे मी पाहिले आहे. ती पुन्हा आली नाही.

पापाकडे डोळेझाक करायची का, असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो आणि तो घेणारी माणसे प्रामाणिक असतात. योहानाच्या आठव्या अध्यायात, व्यभिचारात धरून दगडमारासाठी आणलेल्या स्त्रीला येशू पुढे पाप करू नकोस असे सांगतो, हे खरेच आहे. परंतु त्याआधी तो तिला दगडांपासून वाचवतो आणि आपणही तिला दोषी ठरवत नाही असे म्हणतो. उपदेशाचे वाक्य त्यानंतर येते. शिवाय तो उपदेश करण्याचा अधिकार त्याचा होता. हातात दगड घेऊन आलेल्यांपैकी कोणालाही त्याने तो दिला नाही.

नाताळच्या प्रीतिभोजनाची यादी आमच्या पंचांनी आता हाती घेतली आहे. लूकच्या 14व्या अध्यायात येशू यजमानाला सांगतो, की मित्र, भाऊ आणि श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, परतफेड करू न शकणाऱ्यांना बोलाव. त्या आधारे मी पाळकसाहेबांना पत्र दिले आहे. परिसरातल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, सिग्नलवर टाळी वाजवून पैसे मागणारे तृतीयपंथी आणि व्यसनमुक्तीसाठी धडपडणारी मुले यांना रीतसर आमंत्रण द्यावे, त्यांची वेगळी रांग न लावता कुटुंबांच्या मध्येच त्यांची पाने मांडावीत, आणि त्या दिवशी त्यांच्यासाठी खास प्रवचन ठेवू नये, अशी माझी विनंती आहे. पहिल्या दोन गोष्टींना पंच तयार आहेत. तिसरीवर पुढच्या रविवारी उपासनेनंतर चर्चा व्हायची आहे.