दोघांनाही न दिसलेली मात

शनिवारी रात्री लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर दीड तासाची अरीना, म्हणजे वेळ संपेपर्यंत एकामागून एक डाव खेळायची स्पर्धा, खेळलो, पाच-पाच मिनिटांचे डाव, एकूण नऊ झाले, चार जिंकले, चार हरलो, एक बरोबरीत. रविवारी सकाळी पोहे खाऊन फोन घेऊन बसलो, म्हटलं आता निवांत सगळे डाव बघू या. बायको म्हणाली, "काल रात्री बारापर्यंत खेळून पोट भरलं नाही का तुझं?" तिला कसं सांगू, खेळणं वेगळं आणि डाव बघणं वेगळं. खेळणं म्हणजे जत्रेत जाणं, आणि डाव बघणं म्हणजे घरी येऊन खिशात किती उरलेत ते मोजणं.

आमचं रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा, पंधराशेच्या आसपास. गेली काही वर्षं तिथेच आहे, जरा वर जातं, लगेच खाली येतं, लिफ्टसारखं. लिचेसवर नवीन माणसाला सुरुवातीला पंधराशेच देतात, म्हणजे एवढे हजारो डाव खेळून मी जिथे पहिल्या दिवशी होतो तिथेच आहे. असो.

अरीनाची गंमत अशी की जिंकलं की दोन गुण, बरोबरीला एक, आणि लागोपाठ दोन डाव जिंकले की नावापाशी ज्वाला पेटते, मग पुढच्या विजयाचे दुप्पट. त्यात ते बर्सर्कचं बटण, ते दाबलं की आपला वेळ निम्मा होतो पण जिंकलो तर एक गुण जास्तीचा. माझी ज्वाला पेटली होती. आता ज्वाला पेटलेल्या माणसानं काय करावं, शांत बसावं, पाणी प्यावं. मी बर्सर्क दाबलं. आणि तो डाव सात चालींत हरलो.

तो डाव मी रविवारी सगळ्यात आधी उघडला, कारण खाज. मी पांढरी घेऊन खेळत होतो, नेहमीची सुरुवात, राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. समोरच्यानं तिसऱ्या चालीला आपला वजिराकडचा घोडा उचलून थेट माझ्या अंगणात पटाच्या मधोमध आणून ठेवला. आणि त्याचं राजापुढचं प्यादं बिनजोर. म्हणजे कुणाचाही जोर नाही त्याला, रस्त्यात पडलेली नोट. खाल्लं. त्यानं वजीर बाहेर काढला, माझ्या घोड्यावर रोखून. मी म्हटलं बघ आता, आणि घोडा आणखी पुढे घालून दुसरं प्यादं खाल्लं, एकाच वेळी त्याच्या वजिरावर आणि हत्तीवर! त्या क्षणी मी खुर्चीत जरा मागे रेलल्याचंही आठवतंय. मग त्याच्या वजिरानं माझं घोड्यापुढचं प्यादं खाल्लं, मी हत्ती एक घर सरकवला, वजीर राजासमोर येऊन शह, मी मध्ये उंट घातला, आणि तो मधोमध बसलेला घोडा अडीच घरं उडून आला आणि मात. राजाच्या डावीकडे माझाच वजीर, उजवीकडे माझा हत्ती, पुढे माझाच उंट आणि माझीच दोन प्यादी. उंटाला घोडा मारता येत होता, पण तो हलला की मागून वजिराचा शह. गणपतीच्या गर्दीत घरच्याच माणसांनी चेंगरावं तसा गेला बिचारा.

हा सापळा जुना आहे, त्याला नाव पण आहे, ब्लॅकबर्न शिलिंग गँबिट, आणि मला तो माहीत होता! तेच तर दुःख आहे. मी त्याचा व्हिडिओ बघितलाय, मुलीला पटावर लावून दाखवलाय. डाव तपासणारा कॉम्प्युटर म्हणतो चौथ्या चालीला प्यादं सोडून त्याचा घोडा मारला असतास, किंवा नुसतं कॅसलिंग करून राजाला हत्तीच्या आडोशाला नेलं असतंस तरी तूच वरचढ होतास. बरोबर आहे त्याचं. पण मला जास्त लागलं ते बाजूच्या आकड्यांनी. प्रत्येक चालीला किती वेळ घेतला ते तिथे दिसतं. घोडा घुसवायची ती पाचवी चाल, दोन सेकंद. दोन! भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी निवडायला यापेक्षा जास्त वेळ घेतो मी.

लहानपणी आजोबा देशी पद्धतीनं खेळायचे, प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालायचं, आणि राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असायची. ही मात बसल्यावर पहिला विचार हाच आला की आजोबांच्या नियमानं सुटला असता. मग आठवलं की ती उडी शह बसायच्या आधीच मारायची असते, आणि वजिराचा शह तर आधीच बसला होता. म्हणजे आजोबांच्या ओसरीवरही मेलोच असतो.

हे वेळाचे आकडे बघायची मला चटकच लागलीय. कोणत्या घरी सोंगटी ठेवली ते पटावर दिसतं, पण त्या वेळी मी कुठे होतो ते घड्याळात दिसतं. तिसऱ्या डावात सतराव्या चालीला बावन्न सेकंद. चाल काय, तर उंट एक घर मागे. बावन्न सेकंद त्यात काय विचार केला म्हणून बघत बसलो, मग आठवलं, तेव्हा गॅसवरचं दूध बघायला उठलो होतो. सहाव्या डावात शेवटच्या पाच चाली एकेक सेकंदाच्या, तेव्हा वायफाय गेलं-आलं करत होतं. त्याबद्दल तक्रार नाही, 2020 च्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या फायनलला रशियाविरुद्ध खेळताना निहाल सरीन आणि आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं कनेक्शन गेलं होतं आणि दोघं घड्याळातली वेळ संपून हरले होते, शेवटी दोन्ही देशांना मिळून सुवर्णपदक दिलं. कॅप्टन आपला नाशिकचा विदित गुजराथी. माझं वायफाय गेलं तर कुणी संयुक्त विजेता करत नाही, एवढाच फरक.

आता खरी गोष्ट. हरलेले डाव मी नेहमी बघतो, जिंकलेले कधीच नाही. जिंकलाय ना, मग काय बघायचं. पण परवा एक डाव असा होता की मीच माझ्यावर खूष होतो. हत्तीचा डाव होता, वजीर कधीच मेले होते, मी हत्ती सातव्या रांगेत, म्हणजे त्याच्या प्याद्यांच्या रांगेत, घुसवून एकेक प्यादं टिपत गेलो, त्याचा घोडा अडकवला, त्यानं डाव सोडला. हा डाव मी जेवताना मुलीला चालीनिशी सांगितला होता. म्हटलं बघू तरी कॉम्प्युटर काय म्हणतो, जरा कौतुक करून घ्यावं.

खाली तो आलेख असतो ना, वर गेला की पांढऱ्याचं चांगलं, खाली गेला की काळ्याचं. या डावाचा आलेख म्हणजे करवत. वर, खाली, वर, खाली, वर, खाली, वर. मला वाटलं ॲप बिघडलं. मग एकेक चाल बघत गेलो. तर झालं होतं असं की माझा हत्ती प्यादी खायला गेलेला, घरी राजा एकटा, त्याच्यापुढे तिन्ही प्यादी जागच्या जागी, हवेला खिडकी नाही, आणि समोरच्याचा हत्ती मोकळ्या पट्टीत उभा. सरळ शेवटच्या घरात आणला की मात. एका चालीत. आणि ती मात लागोपाठ तीन चाली पटावर पडून होती. तो बघत नव्हता म्हणून त्याच्या चालीला दोन प्रश्नचिन्हं, म्हणजे घोडचूक, मग मी पण प्यादं सरकवून खिडकी उघडत नव्हतो म्हणून मला दोन प्रश्नचिन्हं, परत तो, परत मी. दोघं आळीपाळीनं लाल.

मुलगी मागून बघत होती. म्हणाली, "बाबा, तू याला हरवलंस की तो झोपला होता?" म्हटलं, मी पण झोपलो होतो गं.

मी मूळचा सांगलीचा. तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभं केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ, मे महिन्याच्या सुट्टीत स्पर्धा, आम्ही पोरं पेन्सिलीनं कागदावर चाली लिहायचो. तिथे डाव संपला की उठायचं नाही अशी पद्धत. हरलेला आणि जिंकलेला परत सोंगट्या मांडायचे आणि पोस्टमार्टेम सुरू. "इथे हत्ती आणला असतास तर?" "आणला असता तर मी उंट मारला असता." "मार की, मग शह बघ." चार पोरं भोवती उभी, त्यातला एकजण डावात नसूनही सगळ्यात जास्त बोलणारा. आणि अशी एखादी न दिसलेली मात सापडली की दोघं मिळून कपाळावर हात मारायचे, आणि हसायचे. हरलेला पण हसायचा. कारण दोघांना मिळून दिसलं नव्हतं ना. आता स्टॉकफिश, म्हणजे डाव तपासणारा प्रोग्राम, अर्ध्या सेकंदात सांगतो आणि त्याचं सहसा चुकतही नाही. 1997 ला जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवायला आयबीएमला डीप ब्लू नावाचं अख्खं कपाटाएवढं यंत्र लागलं, आज तेवढं आणि त्याहून जास्त माझ्या फोनमध्ये आहे, पण त्याच्याशी भांडता येत नाही. "अरे पण मला वाटलं तो घोडा..." असं त्याला म्हणून उपयोग नाही. तो पुढचा आकडा दाखवतो.

ते लाल प्रश्नचिन्हांचं दुकान बघून मला राहवेना. समोरच्याच्या नावापुढे अर्जेंटिनाचा झेंडा होता, त्याला मेसेज टाकला. मोडक्या इंग्रजीत लिहिलं की बाबा रे, चोविसाव्या चालीपासून तुझ्याकडे एका चालीत मात होती, तीनदा, मी आत्ता बघितलं, माफ कर. पाठवल्यावर वाटलं हे जरा आगाऊपणाचं झालं, जखमेवर मीठ वगैरे. मग कामाच्या गडबडीत विसरूनही गेलो.

संध्याकाळी उत्तर आलं होतं. एकच शब्द, जाजाजाजा. मी मुलीला विचारलं, हा मला जा म्हणतोय का. ती म्हणाली, अरे स्पॅनिशमध्ये जे चा ह होतो, तो हसतोय. आणि त्याखाली डावाची लिंक होती, एकतिसाव्या चालीवर. उघडून बघितलं तर तिथे माझ्याकडे दोन चालींत मात होती आणि मी प्यादं खाल्लं होतं.