कुर्यात् सदा मंगलम्

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत लोक स्नेहसंमेलन, सहली आणि छड्यांबद्दल लिहितीलच. मी कवितेच्या वृत्तांबद्दल, म्हणजे ओळीतल्या अक्षरांच्या ठरलेल्या ठेक्यांबद्दल, लिहिणार आहे. ऑप्शनला टाकायचा प्रश्न म्हणून बहुतेकांना तो भाग आठवत असेल!

आम्ही बडोद्याची मुलं. मराठी घरात आणि शाळेत, रस्त्यावर आलं की गुजराती. आमची भाषा पुस्तकापेक्षा कानावर पोसलेली, आणि मराठीच्या सरांनी ते बरोबर हेरलं होतं. 'यमाताराजभानसलगा', म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गण लक्षात ठेवायचं सूत्र, त्यांनी बरेच दिवस फळ्यावर लिहिलंच नाही. पहिल्याच तासाला विचारलं, "लग्नात प्रत्येक मंगलाष्टक कशावर संपतं?" सगळा वर्ग ओरडला, "कुर्यात् सदा मंगलम्!" "आता हेच बाकावर वाजवा. गुरूला, म्हणजे लांब अक्षराला, तळहात, लघूला, म्हणजे आखूड अक्षराला, एक बोट." तळहात, तळहात, बोट, तळहात, तळहात, बोट, तळहात. मंगलाष्टकाचं वृत्त शार्दूलविक्रीडित; त्याच्या ओळीतल्या १९ अक्षरांपैकी यतीनंतरची, म्हणजे मधल्या थांब्यानंतरची, ७ अक्षरं अशी बिनबोभाट पाठ झाली. यतीच्या आधीची १२ बसायला वेळ लागला, कारण त्यांत एके ठिकाणी ३ लघू ओळीने येतात आणि बोटं अडखळतात. म स ज स त त ग हे गण फळ्यावर आले ते त्यानंतर.

भुजंगप्रयात हे वृत्त तर आमच्या तोंडात आधीपासूनच होतं. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' हे संध्याकाळी म्हणत नाही असं घर आमच्या दांडिया बाजारात विरळाच. बोट, तळहात, तळहात, असं चार वेळा. 'सज्जना'तला 'स' ऱ्हस्व असून तळहात का, असं कुणीतरी विचारलं आणि जोडाक्षराचा नियम निघाला. पुढचं अक्षर जोडाक्षर असेल तर मागचं गुरू. लगेच मागच्या बाकावरून 'तुझ्या' हा शब्द आला. सर खूश. "मोठ्याने म्हण. 'तु'वर जोर येतो का?" येत नाही. म्हणून तो लघूच. संस्कृतातला नियम मराठीत कान लावून वापरायचा, हे मला त्या दिवशी कळलं. गाइडात मात्र ही ओळ शेवटी बारीक टाइपात असते.

मराठी छंदशास्त्राची घडी नीट बसवणारे माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, १८९४ साली जन्मले ते बडोद्यातच. सरांना याचा कोण अभिमान! माधवरावांच्या 'छंदोरचना' या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९२७ची, वाढवलेली १९३७ची. वृत्त, जाती आणि छंद ही त्यातली वाटणी सरांनी एका वाक्यात सांगितली होती: वृत्तात लघुगुरूंच्या जागा ठरलेल्या, जातीत मात्रांचा हिशेब, छंदात नुसती अक्षरं मोजायची. मोठ्या अभंगाचं ६-६-६-४ हे त्या तिसऱ्या घरातलं. शेजारच्या गुजराती मित्राच्या पुस्तकातही मंदाक्रांता, शिखरिणी होत्या, तेच गण, तेच यती. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही एकाच ओट्यावर बसून बाक बडवल्यासारखी फरशी बडवली आहे.

या विद्येचा मला पुढे एकच उपयोग झाला, पण भरपूर. नात्यात लग्न ठरलं की मंगलाष्टकांसाठी फोन येतो. अट एकच: वधूवरांची नावं, आईवडिलांची नावं, जमल्यास आजोबांचंही नाव आलं पाहिजे. आजकाल मंगलाष्टकं सिनेमाच्या चालीवर लिहून आणतात, त्यात यती कुठल्या कुठे जातो आणि गाणाऱ्या मावशींचा दम शब्दाच्या मध्येच सुटतो. मी शार्दूलविक्रीडित सोडत नाही. नवरी अनुष्का असेल तर त्या नावाला अख्ख्या ओळीत नीट अशी एकच जागा आहे, यतीनंतर दोन गुरू सोडून: 'आली अनुष्का घरी'. 'कुर्यात् सदा मंगलम्' म्हणून पाहा, तोच ठेका. समीर दोन ठिकाणी बसतो. मोहनही बसतो. पण मनमोहन? दोन लघू, एक गुरू, पुन्हा दोन लघू. शार्दूलविक्रीडितात हा नवरदेव कुठेच मावत नाही. नाव कापलं तर वरपक्ष रुसणार. अशा वेळी मी गुपचूप वसंततिलका हे दुसरं वृत्त काढतो, तिथे सहाव्या अक्षरापासून त्याची जागा राखून ठेवल्यासारखी आहे: 'लाभो सदैव मनमोहन माधवीला'. नवरीचं नाव माधवी नसेल तर पुढचं तुम्ही जुळवा, मात्र शेवटी गुरू, लघू, गुरू, गुरू हवेत.